शिकागोच्या चार बाया अन् आमच्या गल्लीतल्या तिघी

दिवाळीत गावी गेले होते तेव्हाची गोष्ट, लिहायला एवढे दिवस लागले कारण नेमकं काय सांगायचंय ते माझं मलाच उमगत नव्हतं. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमचं गाव. रात्री साडेनऊला सगळं चिडीचूप होतं, आई झोपलेली, मी ओसरीत लॅपटॉपवर पिक्चर लावून बसले आणि शेजारून काकू आली, सुपात मूग निवडायला घेऊन. "काय बघलालीस गं?" म्हणाली. म्हटलं पिक्चर हाय काकू, इंग्रजी, चार बायांचा. "बायांचाच? मग थांब की, मला बी सांग काय बोलतेत ते." मग थांबवत थांबवत, सांगत सांगत तो दोन तासांचा पिक्चर आम्ही साडेतीन तासांत बघितला. मी तो आधी दोनदा बघितला होता, पण कळला त्या रात्री.

'विडोज' नाव त्याचं, म्हणजे सरळ 'विधवा'. २०१८ चा आहे, दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनचा. शिकागोत चार दरोडेखोर पोलिसांच्या गोळीबारात मरतात, गाडी पेटते, चोरलेले पैसे पण जळून जातात. आता पैसे ज्याचे होते तो माणूस मेलेल्या म्होरक्याच्या बायकोच्या घरी येऊन उभा राहतो. २० लाख डॉलर दे, महिनाभराची मुदत. तिला नवऱ्याच्या धंद्यातलं काही माहीत नाही, तिच्याकडं आहे ती फक्त नवऱ्याची एक वही, पुढच्या दरोड्याचा सगळा आराखडा लिहिलेली, ५० लाख डॉलरचा. मग ती बाकीच्या विधवांना गाठते आणि ठरतं की तो दरोडा आपणच घालायचा. पुढं काय होतं ते सांगत नाही, मध्ये एक मोठा धक्का आहे तो ज्याचा त्यानं बघावा.

तर तो माणूस घरात येतो, सोफ्यावर बसतो, तिचं छोटं पांढरं कुत्रं उचलून हातात धरतो आणि शांतपणे पैसे मागतो, तो सीन चालू होता आणि काकूचे हात सुपात थांबले. मला म्हणाली, "तेराव्यालाच आला का?"

मी म्हटलं, नाही काकू, त्यांच्यात तेरावं नसतं.

"आमच्याकडं तेराव्यालाच आलता."

काका २०१६ च्या फेब्रुवारीत गेले. ज्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा, १२ एप्रिलला पहिली गाडी आली पाच लाख लिटर पाणी घेऊन, सगळ्या चॅनलवर तीच गाडी. काका त्याच्या दीड-दोन महिने आधी. सलग पावसानं दगा दिलेला, बोअर आटलेला, सोयाबीनचं बी सुद्धा निघालं नव्हतं. आणि तेराव्याला, मांडव अजून निघाला नव्हता, सावकार येऊन बसला, चहा पिला आणि म्हणाला की रान माझ्या नावावर आहे, पेरणीला तुम्ही येऊ नका. काकूला तेव्हा पहिल्यांदा कळलं की काकांनी गहाण म्हणून जे केलं होतं ते कागदावर खरेदीखत होतं. आमच्याकडं हे असंच चालतं, पैसे फेडले की परत फिरवून देतो असं तोंडी सांगायचं आणि सरळ खरेदीच करून घ्यायची, वर शेकडा पाच महिन्याला.

मदतीचं पण सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की शेतकऱ्यानं जीव दिला की सरकार लगेच एक लाख देतं. एक लाख आहे, २००६ पासून तेवढेच, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव. पण त्याआधी प्रकरण पात्र ठरावं लागतं. जमीन नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे. काकांचं रान दुसऱ्याच्या नावावर गेलेलं आणि सावकार बिगर परवान्याचा. म्हणजे ज्या गोष्टीपायी माणूस गेला त्याच गोष्टीपायी काकू अपात्र. मी तेव्हा बारावीला होते, ते अपात्र लिहिलेलं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं.

आता पिक्चरकडं येते. या पिक्चरबद्दल जिथं वाचावं तिथं एकच गोष्ट, कास्ट किती डायव्हर्स आहे. व्हायोला डेव्हिस कृष्णवर्णीय, मिशेल रॉड्रिगेझ लॅटिना, एलिझाबेथ डेबिकी गोरी, सिंथिया एरिव्हो परत कृष्णवर्णीय. बरोबर आहे, आणि मोठी गोष्ट आहे, पन्नाशीतली सावळी बाई क्राइम थ्रिलरची मेन हिरोईन आणि तिचे केस पण तिचे स्वतःचे, नैसर्गिक, विग नाही, पिक्चरच्या पहिल्याच शॉटमध्ये ती नवऱ्याबरोबर पलंगावर आहे, आई नाही, मोलकरीण नाही, कुणाची मैत्रीण नाही, एक बायको जिच्यावर प्रेम करणारं कुणीतरी आहे. हे बघायला पण किती वर्षं लागली. पण नुसती मुंडकी मोजून रिप्रेझेंटेशन होत नाही असं मला त्या रात्री फार आतून वाटलं, त्या चौघी वेगवेगळ्या आहेत म्हणूनच तो दरोडा घालता येतो, नाहीतर ती गोष्टच उभी राहत नाही.

बघा कसं. व्हेरोनिकाकडं वही आहे, डोकं आहे, शिक्षकांच्या युनियनमधली नोकरी आहे, तिला माणसांना कामाला लावता येतं. लिंडाचं पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या ड्रेसचं दुकान होतं, नवऱ्याच्या नादापायी ते गेलं, माणसं येऊन माल उचलून नेतात आणि ती बघत राहते. अ‍ॅलिस गोरी आहे, उंच आहे, देखणी आहे पण नवऱ्याचा मार खाल्लेली, हातात पैसा नाही, सख्खी आई तिला परक्या पुरुषाबरोबर पैशासाठी जायला सांगते. आणि बेल, ती तर विधवाही नाही, दिवसा केस कापते, संध्याकाळी दुसऱ्यांची लेकरं सांभाळते, बस पकडायला जी पळत जाते ते पळणं बघून मला आमच्या एसटी स्टँडवरच्या बाया आठवल्या. चौघींचं पटत नाही, एकमेकींवर विश्वास पण नाही. व्हेरोनिका अ‍ॅलिसला तुच्छ लेखते, एकदा तर दोघींची थोबाडाथोबाडी होते. दुःख सारखं आहे म्हणून बाया लगेच गळ्यात पडतात हे खोटं या पिक्चरनं दाखवलं नाही, त्याबद्दल मी त्याला फार मानते.

अ‍ॅलिसला बंदुका आणायला पाठवतात तो सीन काकूनं मला परत लावायला लावला. अ‍ॅलिस बंदुकांच्या बाजारात जाते, परदेशातून लग्न करून आणलेली, नवऱ्याचा मार खाणारी बाई आहे असं सोंग घेते आणि तिथल्याच एका बाईला दया येऊन ती हिला बंदुका घेऊन देते. लोक हिच्याकडं बघून जे समजतात तेच हिनं हत्यार केलं. हे काम व्हेरोनिकाला जमलं नसतं, सावळ्या बाईनं तिथं जाऊन रडून दाखवलं असतं तर तिला कुणी बंदुका घेऊन दिल्या असत्या का? तिच्या पोराला तर पोलिसांनी रस्त्यात गाडी अडवून गोळी घातलेली आहे. कोण कुठं जाऊ शकतं, कुणाला कुठं संशयानं बघतात, कुणाकडं कुणाचं लक्षच जात नाही, यावर अख्खा प्लॅन उभा आहे.

ही गोष्ट मुळात शिकागोची नव्हतीच. १९८३ ची ब्रिटिश टीव्ही मालिका होती, लिंडा ला प्लांट यांनी लिहिलेली, लंडनची, आणि तिथली म्होरकी बाई गोरी होती. मॅक्वीननं ती पोरवयात बघितलेली, पुढं त्यानं आणि लेखिका जिलियन फ्लिन यांनी मिळून ती शिकागोला आणली. पण आणताना नुसते चेहरे नाही बदलले, गाव बदललं म्हणून वॉर्डाचं राजकारण आलं, पोलीस आले, कोण कुठल्या रस्त्यावर राहतो ते आलं. एक पुढारी आहे, बापापासून वॉर्ड घरातच असलेला, तो गरीब वस्तीत स्टेजवर सावळ्या बायांना उभं करून सांगतो की या माझ्या योजनेतल्या उद्योजिका. भाषण झालं की गाडीत बसून घरी जातो. कॅमेरा गाडीच्या बाहेर, बोनेटवर, आत तो काय बोलतोय ते नुसतं ऐकू येतं आणि आपल्याला दिसतो तो रस्ता, पडकी घरं, मोकळे प्लॉट, मग झाडं, मग मोठी घरं, काही मिनिटांतच त्याचा बंगला. एकच शॉट, कुठं कट नाही. आणि त्या स्टेजवरच्या बायांच्या दुकानातून त्याच्या माणसांना हप्ता जातो ते नंतर कळतं.

काकू हे बघून म्हणाली, "आपल्या सरपंचबाई." एवढंच. आमच्याकडं २०११ पासून ग्रामपंचायतीत बायांना ५० टक्के जागा आहेत, झेंडावंदनाला बाई, बॅनरवर बाईचा फोटो (बाजूला नवऱ्याचा, मोठा), आणि ग्रामसेवक सही घ्यायला घरी जातो तेव्हा बोलतो नवऱ्याशी. काही बायांनी या जागांचं सोनं केलंय ते पण मी बघितलंय, म्हणून आरक्षणाला नावं ठेवायची नाहीत मला. पण स्टेजवर उभं करणं आणि हातात कारभार देणं यातलं अंतर त्या गाडीच्या शॉटइतकं स्वच्छ मी कुठल्या पिक्चरमध्ये बघितलं नाही.

आता आमच्या तिघींची गोष्ट. काकू, शिलाईवाली भाभी आणि तांड्यावरची याडी. याडी म्हणजे गोरमाटीत, लमाणांच्या बोलीत, आई, तिला सगळं गाव याडीच म्हणतं.

काकांची पण एक वही होती. ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. कधी किती घेतले, कधी किती दिले, तारखेसकट. काकू चौथी शिकलेली, तिला आकडे वाचता येत होते पण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं आणि घराबाहेर पडायची सोय नव्हती, नवरा गेलेली बाई वर्षभर कुणाच्या दारात जायची नाही. २०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, २०१६ ला आमच्या गल्लीत असलं काही नव्हतं. पण भाभी घरी येऊ शकत होती. ब्लाऊजचं माप घ्यायला आली म्हटलं की कोण अडवणार. अख्ख्या गावाचे ब्लाऊज भाभी शिवते, सावकाराच्या घरचे सुद्धा, आणि माप देताना बाया जे बोलतात ते नवऱ्याजवळ पण बोलत नाहीत. कुणाच्या घरचं रान असंच गेलंय, कुणाचं मंगळसूत्र त्या घरच्या कपाटात आहे, भाभीला सगळं ठाऊक. आणि याडी दरसाल ऊसतोडीला जाणारी, वीस पट्टे म्हणजे तोडीचे वीस हंगाम केलेले, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशोब तोंडपाठ ठेवणारी, लिहिता येत नाही पण आकडा एक चुकणार नाही. तीन तांड्यांवरची अशी फसलेली माणसं तिनं गोळा केली. गावातल्या माणसाला जबाब द्यायला भ्या वाटतं, सोयरेधायरे असतात, याडी म्हणाली आम्हाला ह्यो काय देतोय म्हणून आम्ही भ्यावं.

म्हणजे काकूकडं कागद, भाभीकडं बातमी, याडीकडं साक्षीदार. तिघींतली एक जरी कमी असती तर झालं नसतं, आणि तिघीही एकसारख्याच असत्या, एकाच गल्लीतल्या एकाच जातीतल्या, तरी पण झालं नसतं.

अर्ज २०१४ च्या सावकारी कायद्याखाली केला, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं तो करायचा असतो, त्या कायद्याच्या १८ व्या कलमात सावकारीत बळकावलेली जमीन परत देता येते, हे आम्हाला एका वकिलीणबाईंनी सांगितलं. त्याआधी एका ऑफिसात काकूला विचारलं होतं की घरात पुरुष माणूस कुणी नाही का. त्यावर भाभी जे बोलली ते मला जसंच्या तसं पाठ आहे, "हाय ना साब, पर मरे हुए आदमी कू कैसा लाना? हमारे से बोलो."

भाभीची ही बोली मला पिक्चरमध्ये ऐकायची आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता, आमच्याकडच्या मुसलमान बाया दखनी बोलतात, नक्को, हौ, कैकू, त्यात निम्मी मराठी मिसळलेली. आणि पिक्चरमध्ये मराठवाड्यातली मुसलमान बाई आली की ती लखनऊची उर्दू बोलते, नाहीतर नुसती खिडकीच्या जाळीमागं उभी. लमाणी बाई आली की आरसे लावलेला घागरा आणि नाच, वीस वर्षं कोयता चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात किती हिशोब असतो ते कुणी विचारत नाही. आणि काकूसारखी बाई तर किती वेळा बघितली, पांढरी साडी, भिंतीला टेकून बसलेली, समोर भेगाळलेली जमीन, मागं सनई. ती बोलतच नाही. काकू पांढरी साडी नेसत नाही हो, काकू लई बोलते.

मराठवाडी बोली पिक्चरवाल्यांना हसवायला पाहिजे असते. इन्स्पेक्टर बाई मात्र पुण्याची शुद्ध मराठी बोलणार. आमच्या गावच्या पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला डांबरी रोडवर ८०० मीटर मारतात, चार किलोचा गोळा टाकतात, त्यातल्या दोघी लागल्या पण, एक जण आता ठाण्यात जबाब लिहून घेते, तिच्या तोंडी "करलालाव, जालालाव" असतं आणि फिर्यादी बाईला तिच्याजवळ मोकळं बोलता येतं ते त्याच भाषेमुळं. तपासाचं निम्मं काम तिथंच होतं. हे थ्रिलर लिहिणाऱ्याच्या कामाचं नाही का?

हिंदीत थोडं थोडं येतंय. 'दहाड' नावाच्या सिरीजमध्ये राजस्थानातली दलित पोलीस अधिकारी आहे, बापानं आडनाव बदलून घेतलेली, 'कटहल' मध्ये पण दलित इन्स्पेक्टर बाई आहे, दोन्ही २०२३ चे. २०२४ च्या 'संतोष' मध्ये तर कॉन्स्टेबल नवरा मेल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागलेली बाई एका दलित मुलीच्या खुनाचा तपास करते. अनुकंपावर लागलेल्या किती बाया आमच्याकडं आहेत, त्यांना तो बघायचा होता, पण सेन्सॉरमध्ये अडकल्यामुळं आपल्या थेटरात लागलाच नाही. मराठीत अशी बाई मला अजून भेटायची आहे.

आणि क्राइम पिक्चर म्हटलं की गुन्हेगार कोण दाखवता हे पण आलंच. गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालाकडं जाते, हे मी लहानपणापासून बघितलंय. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ ला तो रद्द झाला, पण पिक्चरमध्ये अजून दरोडा म्हटलं की तसलेच चेहरे, तसलीच भाषा. 'विडोज' मध्ये विधवा दरोडा घालतात तरी आपल्याला त्या गुन्हेगार जमातीच्या वाटत नाहीत, कारण त्यांच्या घरात आपण बसून आलेलो असतो. पालात बसून आलेला एक तरी पिक्चर दाखवा मला.

गोष्टी तर इथं पडलेल्या आहेत. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला उघड झालं, सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायांची ऑपरेशनं झालेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, मुकादम दंड कापू नये म्हणून. याडीच्या सुनेचं पण झालंय, सव्विसाव्या वर्षी. यात गुन्हेगार कोण, पुरावा कुठला, कोण कुणाला वाचवतंय, याच्यापेक्षा अंगावर काटा आणणारा तपास कुठल्या परदेशातून आणायची काय गरज आहे. फक्त तो तपास करणारी बाई मुंबईहून बदली होऊन आलेली नको, फडावरनं आलेली पाहिजे.

असो. त्या रात्री पिक्चर संपायला दीड वाजला. मूग कधीच निवडून झाले होते. शेवटी कोण कुठं पोचलं ते दाखवतात, मी ते पटापट सांगितलं आणि लॅपटॉप मिटायला लागले तर काकू म्हणाली, "त्या कापडाच्या दुकानवाल्या बाईला दुकान परत मिळालं का?"

म्हटलं, मिळालं.

"कागद तिच्या नावावर झाले का?"

मी म्हटलं, ते दाखवलं नाही काकू. ती जरा वेळ बसली, मग सूप उचलून घरी गेली. तिचं रान परत द्यायचा निकाल लागलेला आहे, पण समोरच्यानं अपील केलंय, विभागीय सहनिबंधकांपुढं आहे ते, आणि पुढच्या तारखेला तिघींना लातूरला जायचंय. भाभीनं गाडी ठरवलीय. याडी तोडीवर आहे, पश्चिम महाराष्ट्रात कुठंतरी फडात, तिथून रात्रीच्या एसटीनं सरळ येते म्हणालीय.